चाळणीनं अडवलेला माल

आमच्या कारखान्यात प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात. आत वाफ कोंडली, तर कुकर फुटायच्या आधी यानं उघडायचं, एवढंच याचं काम. सव्वीस वर्षं ते तपासणाऱ्या माणसाला सगळे चाळणी म्हणत. माणूस तसा रूक्ष आणि खवचट. घरीसुद्धा चहा ओतायच्या आधी कप उजेडाकडे धरायचा. बायको म्हणायची, "आता शिक्का मारा एकदाचा माझ्या कपावर!" तर हा पठ्ठ्या कप उलटा करून तळही बघायचा.

मग मालकाला गुणवत्तेचं वारं लागलं. मोठ्या गिऱ्हाइकानं प्रमाणपत्र मागितलं होतं, दुसरं काय! एक सल्लागार आला आणि फळ्यावर यशाची सूत्रं लिहू लागला. वरपासून खालपर्यंत सगळ्यांची बांधिलकी. कामगारांना शिक्षण. कच्चा माल चांगल्याकडूनच. दोष दिसला की कुणीही काम थांबवावं. चाळणी पहिल्या खुर्चीवर बसून सगळं वहीत उतरवून घेत होता. इतकी वर्षं तो एकटा घसा फोडून जे सांगत होता, ते आता साहेबलोक फळ्यावर लिहीत होते. त्या दिवशी तो चक्क हसला. मला त्याची कीव आली.

मालक फोटोपुरता आला आणि गेला. आमचं शिक्षण जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांत उरकलं. व्हॉल्व्हमधल्या रबराच्या चकत्या मालकाच्या मेव्हण्याकडून यायच्या, तेव्हा चांगल्या मालाचं सूत्र तिथंच निकालात निघालं. रोज सकाळी हात पुढे करून गुणवत्तेची शपथ मात्र घ्यायची. पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे तेच, ज्यांच्या हातून सगळ्यात जास्त भंगार निघायचं.

दर तासाला पाच व्हॉल्व्ह दाबावर लावून वेळेवर उघडतात का बघायचं आणि तक्त्यात आकडे भरायचे, असा नवा नियम आला. वेळ कुणाला होता? आम्ही पुढच्या आठवड्याचे आकडे आदल्या शनिवारीच लिहून मोकळे व्हायचो. मीही लिहायचो, खोटं कशाला बोलू.

अशाच एका मंगळवारी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि कारखाना दिवसभर बंद राहिला. तक्त्यात मात्र मंगळवारचे आठ तास छान भरलेले! बुधवारी चाळणीनं तो कागद माझ्यासमोर धरला.

"अक्षर तुझंच ना?"

"सगळेच लिहितात, काका."

"म्हणून तर शिसारी येते."

मग त्यानं स्वतः तयार मालाच्या ढिगातले पाच व्हॉल्व्ह दाबावर लावून पाहिले. रबर कडक होतं. दोन उशिरा उघडले, एक उघडलाच नाही. त्यानं चार हजारांच्या अख्ख्या ढिगाला माल अडवल्याचं लाल कार्ड लावलं. संध्याकाळी गुणवत्ता विभागाचे साहेब धावत आले.

"अहो, उद्या प्रमाणपत्रवाले येतायत. कार्ड काढा, सही करा, विषय संपवा."

"दोष दिसला की थांबवा, असं तुमच्याच फळ्यावर लिहिलंय."

"फळ्यावरचं फळ्यावर! लहान आहात का तुम्ही?"

"साहेब, हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फुटेल. बाईच्या तोंडासमोर."

साहेबांनी घड्याळ बघितलं. चाळणीनं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गोदामात खोके बांधायला पाठवलं आणि त्याची खुर्ची मला दिली. मंगळवारचा कागद फाडून झाला होता. प्रमाणपत्रवाले आले, तक्ते चाळले, अक्षराचं कौतुक करून जेवायला गेले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि स्वतःच्याच हातांची किळस आली.

दुपारी तोच माल खोक्यांत भरायला चाळणीसमोर आला. तो एक व्हॉल्व्ह मुठीत घेऊन तरातरा माझ्या टेबलाशी आला.

"तुझ्या घरच्या कुकरला हा लावशील?"

"सही झालीय, काका."

"कुणाची?"

मी माझ्या सहीचा कागद तक्त्याखाली सरकवला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग व्हॉल्व्ह माझ्यासमोर ठेवून निघून गेला, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

बाहेर ट्रक उभा होता. शेवटच्या खोक्यात एक नग कमी भरत होता. मी टेबलावरचा तो व्हॉल्व्ह उचलला आणि खोक्यात टाकला.