पूर्णेच्या रेडिओतली गाठ

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढल्या साली मी बोरी सोडली. बैलगाडी परभणीच्या रस्त्याला लागली तरी आई बाजूनं चालतच होती. हातातली चाती थांबली नव्हती, लोकर कातणं चालूच होतं. आम्हा धनगरांच्या घरी बायका रडतानाही हात थांबवत नसत. "लोकांच्या शहरात चाललीस. मान खाली घालून ऱ्हाऊ नको," एवढंच ती म्हणाली आणि मेंढरांकडे वळली.

हैदराबादेत आमच्या ह्यांना रेडिओच्या कारखान्यात माल भरायचं काम लागलं होतं. मला तिथली भाषा येत नव्हती. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची, भाजीवाली हसली की गप्प घरी यायचं. बोरीत मी दिवसभर बडबडायचे, हे तुम्हा बोरीकरांना ठाऊकच आहे. इथं महिनोन्‌महिने माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मग कारखान्याला कॉइली गुंडाळायला बायका पाहिजे झाल्या. केसासारखी बारीक तार, जरा ओढली की तुटायची. माझ्या हातून ती तुटत नव्हती. पण त्या कॉइलीचा रेडिओ लांबचं स्टेशन लावलं की नुसता खरखरायचा. एकदा मी तार थरावर थर न देता आडवी-तिरपी गुंडाळली, आई लोकरीच्या सुताचा गुंडा करते तशी. मराठी बोलणाऱ्या इंजिनिअर रावसाहेबांनी ती जोडली आणि लांबचं स्टेशन स्वच्छ बोललं. "बाई, पुन्हा करा," ते म्हणाले. मी पुन्हा केली. पुन्हा बोललं. तेव्हापासून चौदा बायका माझ्यासारखं गुंडाळायला शिकल्या.

कंपनी मराठवाड्यात पसरली. बॅटरीवरचे सेट परभणीला गेले, सोनपेठच्या बाजारात गेले. आणि मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची नोटीस आली: ही गुंडाळणी आमचं पेटंट आहे, विक्री बंद करा. माल गोदामात अडकला. आमचा विभाग बंद होणार असं मॅनेजरनं सांगितलं.

वकील म्हणाले, "त्यांनी पेटंटचा अर्ज केला त्याच्याआधी विकलेला एखादा सेट आणा." माझ्या कॉइलीचा पहिला सेट पूर्णेला गेला होता, रेल्वे कामगारांच्या वाचनालयात. तिथं फायरमन सखारामदादा रेडिओ सांभाळायचे. मी आणि रावसाहेब त्यांच्याकडे गेलो. खरेदीची पावती त्यांनी लगेच काढून दिली. रेडिओवर मात्र हात ठेवून उभे राहिले.

"बाई, इंजिनावरून दमून आलेली मानसं हेच्यापुढं बसत्यात. ह्यो न्हाई द्यायचा."

"दादा, ही कॉइल माझ्या हातची हाय. आता मुंबईवाले ती त्यांची म्हनायलेत. तुमी सेट न्हाई दिला तर मी खोटी ठरते."

त्यांनी रेडिओवरचा हात काढला. मग स्वतःच्या धोतरात रेडिओ गुंडाळला आणि म्हणाले, "मी बी येतो. गवाही देतो."

हायकोर्टात समोरच्या वकिलानं दुभाष्याकरवी विचारलं, "तुम्हाला लिहिता-वाचता येतं?"

"न्हाई."

"मग पेटंट म्हणजे काय, हे तुम्हाला काय कळणार? ही कॉइल मागाहून बसवलेली नाही कशावरून?"

मी मान वर ठेवली. "साहेब, तारेचं टोक बघा. लोकरीचा गुंडा झाला की टोकाला आमी अशी गाठ मारतो. दुसरी करून दावू का?"

जजसाहेबांनी तार मागवली. भरल्या कोर्टात मी खाली बसून कॉइल गुंडाळली आणि टोकाला गाठ मारली. त्यांनी भिंग लावून दोन्ही गाठी पाहिल्या. पावतीची तारीख वाचली, ती मुंबईवाल्यांच्या अर्जाच्या आधीची होती. घेतल्यापासून सेट कुणी उघडलाच नाही, ही सखारामदादांची गवाही ऐकली.

मुंबईवाल्यांचं पेटंट रद्द झालं. बाहेर आल्यावर दादा एवढ्या मोठ्यानं हसले की शिपाई धावत आला. रावसाहेबांनी सगळ्यांसमोर मला हात जोडले.

कंपनीनं मला विचारलं, काय पाहिजे? म्हटलं, कॉइलीचा एक विभाग परभणीला काढा, आमच्या पोरींना हे काम येईल. तो निघाला. शिकवायला मला तीन महिने पाठवलं. बोरीच्या अकरा जणी आल्या, त्यांच्याबरोबर आईही परभणीला राहायला आली. आई रोज दारात बसून बघायची आणि चुकलं की माझ्याआधी ओरडायची.

याच पोरींबरोबर संध्याकाळी पाटी घेऊन मी लिहायला शिकले. म्हणून आज हे माझ्याच अक्षरात लिहिते आहे, बोरीत राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना. घर कुठलं, असं आपण एकमेकांना विचारतो. बोरीहून निघाले की आई विचारते, "आता कवा येतीस?" हैदराबादेहून निघाले की आमचे हे अगदी तेच विचारतात. मी दोघांनाही खरा दिवस सांगते आणि त्या दिवशी पोचते.