आत्याच्या वाफ्यातलं खत

तोवर माझी दोन पत्रकं छापून झाली होती. एक विधवांच्या केशवपनाविरुद्ध, दुसरं त्यांना एकवेळ जेवायला लावणाऱ्यांविरुद्ध. दोन्ही मी ठाण्याच्या आमच्या घरात बसून लिहिली, आणि लिहीत होतो तेव्हा माझी सोवळी आत्या मागच्या पडवीत एकवेळच जेवत होती. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण छापलं की आपण काहीतरी केलं, असं मला वाटे.

स्ट्रॉबेरीची रोपं मात्र मी खरोखर तिच्यासाठी आणली. कल्याणला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याला मी एक अर्ज लिहून दिला होता. त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून डझनभर रोपं दिली. ही जात एकदा फळून थांबत नाही, पुन्हा पुन्हा फळते, असं तो सांगत होता.

"पहिली फुलं खुडायची, मास्तर. मंग झाड जोर धरतं. खताला शेन चालंल, पालापाचोला चालंल. आमी हाडांचा भुगा घालतो, पन तुमच्यात ते चालायचं नाय."

'तुमच्यात चालायचं नाही' हे शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरे. मी भुग्याची पिशवी मागून घेतली. दुपारी घर निजलेलं असताना परसात फणसाच्या सावलीला वाफा खणला, भुगा खाली, माती वर, आणि कुणाला काही बोललो नाही. फळं खाऊन सगळे खूश झाले की सांगू, मग बघू यांचा धर्म कुठे बुडतो ते, असा माझा बेत.

वाफ्याचं सगळं आत्याने अंगावर घेतलं. पानं भिजू न देता मुळाशी पाणी घाली. फळं मातीला टेकू नयेत म्हणून भाताचा पेंढा अंथरला. फुलं आली तेव्हा मी माळ्याचं सांगणं तिला सांगितलं. तिने खुडली, पण टाकली नाहीत. देवाच्या परडीत ठेवली.

"टाकवत नाहीत रे, इतकी पांढरी आहेत!"

घरातली पूजा आत्याच्या थोरल्या भावाची, काकांची; त्यांनी ती देवांवर वाहिली. मी दारात उभा होतो. तोंड उघडायची ती वेळ होती. मी शाळेला निघून गेलो.

पुढे फळं धरली. एकादशीला आत्याने काकांना विचारलं, "दादा, फळच ना हे? उपासाला चालेल?" काकांनी मान हलवली. तिने एक तोंडात टाकलं आणि हसली. "अरे, आंबट का गोड, जिभेला ठरवताच येत नाही!" तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माघात एके दिवशी शाळेतून आलो तर सगळं घर परसात. कुत्र्याने वाफ्याचा एक कोपरा उकरला होता. मातीवर बोटाएवढं हाड पडलं होतं, शेजारी पांढरा चुरा. भुग्यात एखादा तुकडा राहिला असणार.

"माझ्या सुनेला सातवा महिना," काकू ओरडत होत्या, "आणि हिच्या वाफ्यात हाड! करणी नाही तर काय? दुसरं कोण हात लावतं इथे?"

"मला ठाऊक नाही, दादा," आत्या म्हणाली. "देवाशपथ ठाऊक नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "उद्या सकाळच्या गाडीने खडवलीला. सासरचे ठेवतील तशी राहील."

सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवली होती. हे काकांना माहीत होतं. त्यांनीच तिला तिथून आणली होती.

मी गप्प होतो. काकांना भ्यालो नव्हतो. खरं बोललो की ते आत्याला कळणार होतं: परडीतली फुलं, एकादशीचं फळ, सगळं हाडांवर वाढलेलं. ती वळली आणि आपली दोन तांबडी आलवणं घ्यायला पडवीत शिरली. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला.

"करणीबिरणी काही नाही. खत आहे ते. मी घातलं. हाडांचं."

काकांनी हात उगारला, मग तसाच खाली घेतला. "मी देवांवर फुलं वाहिली रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हणालो, "माती सगळंच खाते, काका. हे निव्वळ अज्ञान…"

"तू गप्प बस." हे आत्या म्हणाली. पडवीच्या दारात उभी होती, आलवणं हातात. "त्या माळ्याने दुसरं खत सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. शेण. पालापाचोळा."

"मग?"

पत्रकात मी याचं उत्तर दिलं असतं, चांगलं पानभर.

खडवलीला जाणं टळलं. देवांना पंचगव्याने स्नान घातलं, तिनेही पंचगव्य घेतलं, आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही. काकू तिला एका शब्दाने चुकलं म्हणाल्या नाहीत. त्याचा माझा संताप अजून गेलेला नाही, पण तो करायचा हक्क मला किती, हेही कळत नाही.

चौथ्या दिवशी ती परसात गेली आणि एकेक रोप उपटू लागली. पिकलेल्या फळांसकट. मी मदतीला गेलो तर कोपराने बाजूला सारलं. एका रोपाचा लांब फुटवा वाफ्याबाहेर पळून विहिरीच्या पायरीशी रुजला होता, त्याला नवं पिल्लू धरलं होतं. तिथे ती थांबली.

"इथवर घातलं होतंस?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं, आत्या."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पायरीशी बसली, बोटांनी त्या पिल्लाभोवतीची माती वीतभर खोल उकरली, मूठ मूठ उजेडात धरून चाळली, आणि सगळी तपासून झाल्यावरच ते पुन्हा लावलं.

त्याला खत तिने घातलं. मला त्याला हात लावू दिला नाही.