मास्तरांची मान

केस कापायच्या दुकानात खुर्च्या दोनच. आतली अण्णांची, दाराजवळची त्यांच्या मुलाची. मुलाच्या खुर्चीसाठी बाकावर गिऱ्हाइकं ताटकळत बसायची, आणि अण्णांची खुर्ची रिकामी. "चांगल्या हाताची पारख असणारी माणसं राहिलीत कुठं आता!" अण्णा म्हणायचे. खरं सांगायचं तर अण्णांचा हात गेली दोन वर्षं थरथरत होता. पण हे त्यांना सांगणार कोण? कल्ले वरखाली झाले, की कात्रीचा स्क्रू ढिला. स्क्रू आवळून झाला, की आरशालाच डाग पडलेत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एक गिऱ्हाईक मात्र पक्कं. निवृत्त मास्तर. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, नऊच्या ठोक्याला हजर, आणि थेट आतल्या खुर्चीत. आता गंमत ऐका. मास्तरांना केस होते किती? कानांवर दोन झुपके आणि मानेवर थोडी लव. बाकी सगळं चकाचक. तरी चष्मा काढून मास्तर ऐटीत सांगायचे, "अण्णा, मधे जरा पातळ करा. फार वाढलेत." अण्णाही मग टकलापासून वीतभर वर कात्री चालवायचे, कच कच कच, चांगली वीस मिनिटं. हवेत हात किती का थरथरेना, कुणाचं काय जातंय? शेवटी मागून छोटा आरसा धरायचे. "वा! डोकं कसं हलकं झालं," मास्तर म्हणायचे. तेवढ्यावर अण्णांचे दोन आठवडे सुखात जायचे.

त्या रविवारी मुलानं दुकान उघडता उघडताच विषय काढला. "अण्णा, ती खुर्ची आता काढू या. तिथं केस धुवायचं बेसिन बसवतो. तुम्ही आपले घरी आराम करा."

"आणि मास्तर?"

"त्यांचं मी बघेन की."

"अरे, त्यांचे केस अवघड आहेत. तुला नाही जमायचे."

मुलानं हसू कसंबसं दाबलं. अण्णांना ते दिसलं, आणि फार लागलं.

मास्तर आले तेव्हाही अण्णांचं मन थाऱ्यावर नव्हतं. कात्री झाली. मानेवरची लव काढायला वस्तरा घेतला, आणि कानामागं सर्रकन लागला. पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब पडले. मुलगा हातातलं गिऱ्हाईक सोडून धावला.

"अण्णा, पुरे झालं आता! द्या तो वस्तरा इकडं."

अण्णांनी आरशात पाहिलं. आपलाच हात, वाऱ्यावरच्या पानासारखा. या वेळी ना स्क्रू होता, ना डाग. त्यांनी वस्तरा पुढं केला.

"थांब रे!" मास्तर वर्गात ओरडावं तसे ओरडले. "त्यांना काय बोलतोस? माझी मान हलली."

"मास्तर, अहो, तुमची मान कुठं..."

"हलली म्हणतोय ना! लहानपणापासूनची खोड आहे माझी."

चाळीस वर्षांत ही मान तसूभर हलली नव्हती. हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी वस्तरा मागं घेऊन फळीवर ठेवला, तुरटी भिजवली आणि हलक्या हातानं कानामागं दाबून धरली. ती झोंबली, मास्तरांचे डोळे भरून आले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"वयानं होतं असं," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण पुढच्या वेळी मान सांभाळा बरं का, मास्तर."

"सांभाळतो. चुकलंच माझं. आणि हे मधले जरा राहिलेत बघा."

मुलगा दोघांकडं बघतच राहिला. मग पुढं होऊन त्यानं अण्णांसमोरची कात्री उचलली, उजेडात धरून नीट न्याहाळली.

"ढिलाच आहे हो स्क्रू," तो म्हणाला. "आवळून देतो, अण्णा."