केतकीनं माझी एरर सोडवली

मंडळी, आज अंधेरीच्या ऑफिसात मला माझंच काम फसावंसं वाटलं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी सी भाषेत एक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहिलंय. कोड कम्पाइल होत होता, पण तयार कोडच्या लायब्ररीशी जोडताना लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडणारा प्रोग्राम, अडायचा. सकाळपासून तीच एरर, आणि संध्याकाळी क्लायंटला डेमो द्यायचा होता.

माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली केतकी चहा घेऊन आली. स्क्रीनवर वाकून म्हणाली, "अगं, तुझं पायथन चौसष्ट बिटचं आणि लायब्ररी बत्तीसची. कशी जोडली जाणार? दुसरी घे ना."

"ते बघितलंय मी," मी म्हणाले. बघितलं नव्हतं.

"मग आता काय, नारळ फोडूया?"

मी लायब्ररी बदलली, बिल्ड लावला आणि मनात म्हणत राहिले, फसू दे. हिचं चुकू दे.

बिल्ड झाला. मॉड्यूल चाललं. मागे उभं राहून सगळं ऐकणारे साहेब म्हणाले, "झकास! केतकी, डेमोला तूही बस."

डेमोत केतकीनं सगळ्यांना सांगितलं, "हे सगळं काम हिचं आहे." तेव्हा तर ती मला मुळीच आवडली नाही.

मदत करणाऱ्या माणसाचा असा राग तुम्हाला कधी आलाय? खरं सांगा.