हलकी बंदूक

मिल बंद पडल्यावर स्वतःची बंदूक असलेल्याला चौकीदारी लवकर मिळायची. म्हणून मागावरचा एक कामगार लायसन्स घेऊन आमच्या तुकोगंजच्या बंदुकांच्या दुकानात आला. मी तिथे कारकून होतो.

मालकांनी त्याच्या हातात एकावर एक नळ्यांची हलकी, महागडी बंदूक दिली. तुटलेला धागा शोधावा तसा त्याने नळीवरून अंगठा फिरवला आणि एकदम ती खांद्याला लावली. नळी माझ्या छातीसमोर आली. बंदूक रिकामी होती, तरी मी काउंटरखाली वाकलो. त्याने ती घाईघाईने काउंटरवर ठेवली.

"उचलली कधी ते कळलंच नाही." मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा, हे मात्र हळू बोलला.

"अरे भिया, यही तो बात है! पैसे या हलकेपणाचेच आहेत," मालक म्हणाले.

"नको सेठजी. ड्यूटी आमच्याच मिलच्या गेटवर आहे. भंगार चोरायला आमचेच लोक येतात. जड बंदूक उचलेपर्यंत चेहरा तरी ओळखू येईल."

त्याने जुनी, जड दुनळी घेतली.

माझा घरचा रस्ता त्याच गेटवरून जायचा. तिथे पोचलो की मी चाल हळू करायचो आणि चेहरा वर ठेवायचो.