निकोसच्या नावाचे गहू

शिजलेल्या गव्हाला दालचिनीचा वास आला की मला पिस्कॅटवेमधली १९८४ची ती दुपार आठवते. शेजारच्या एलेनीमावशी ग्रीक होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या, निकोसच्या, श्राद्धाला मी त्यांच्या चर्चमध्ये गेलो होतो. तिथे साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले गहू पांढऱ्या पुड्यांतून वाटत होते. "निकोसच्या नावाने खा," मावशी म्हणाल्या.

मी पुडी न फोडता घरी आणली. माझ्या बायकोला, सुनंदाला, सातवा महिना होता.

"अगदी आपल्या खिरीसारखं लागतंय. कुणी दिलं हो?"

"एलेनीमावशींनी. तुझे डोहाळे पुरवायला."

ती हसली आणि बोटाने साखर टिपत राहिली. तिला थांबवायला वेळ होता. मी नुसता बघत होतो.

पुढच्या आठवड्यात बाळाची हालचाल थांबली. ते गहू कशाचे, हे सुनंदाला नंतर कळलं. मावशी भेटायला आल्या तेव्हा तिने दारातूनच विचारलं, "मेलेल्याचं अन्न मला का पाठवलंत?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

गव्हाने बाळ गेलं असं मी कधीच मानलं नाही. पण मावशींनी सुनंदासाठी काहीही पाठवलं नव्हतं. सुनंदा ते माझ्या तोंडून ऐकायच्या आधीच वारली.