तिबेटी आजीचा कूलर

थंडी पडली आणि रस्त्याकडेला तिबेटी लोकांचे स्वेटरचे गाळे लागले, की मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो. बायको म्हणते, "अहो, पेन्शनर माणसाला आता कोणाची भीती?" भीती कोणाची नाही. एक तपास आठवतो, एवढंच.

तेव्हा मी पुण्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. माझे वडील लोणी काळभोरच्या बाजूला दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर राबले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हवालदार पाठीमागं मला 'बीए साहेब' म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

दिवाळीनंतरची गोष्ट. एक तरुण मुलगी तक्रार घेऊन आली. आयटी कंपनीत नोकरी, मूळची नागपूरची. तिकडं पूर्व विदर्भात तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. तिथल्या एका निराधार आजींचा खर्च या मुलीनं आपणहून उचलला होता. दर महिन्याचे पैसे आणि सामान पोचवायचा तो त्याच वसाहतीतला एक स्वेटरवाला. दर हिवाळ्यात तो पुण्यात गाळा लावायचा. मागच्या मोसमाच्या शेवटी तिनं आजींसाठी कूलर घेऊन त्याच्याकडं दिला होता. मे महिन्यात ती न कळवता वसाहतीत गेली, तर खोलीत कूलर नाही.

"मी नागपूरची आहे, साहेब. पत्र्याच्या खोलीत मे महिना काय असतो, मला कळतं. आजी पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या, अहो!"

"आजींना विचारलंत?"

"भाषा कुठं येते? त्या नुसत्या हसल्या आणि माझा हात धरून बसल्या. त्या स्वेटरवाल्याला फोन केला तर 'दिला होता' म्हणाला आणि विषय बदलला. आता तो गाळा लावायला पुण्यात आलाय, म्हणून आले."

बिल, फोटो, सगळं फोल्डरमध्ये नीट लावून आणलं होतं. मी म्हटलं, आधी चौकशी करू, मग गुन्ह्याचं बघू. ती म्हणाली, "आपण माझी तक्रार घेणार आहात, की मी वर जाऊ?" पुण्यात येऊन पुणेरी चांगलं शिकली होती. कागद तिच्या बाजूनं होते. विश्वासघाताचं कलम लावून गुन्हा दाखल झाला.

स्वेटरवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, वसाहतीतच जन्मलेला, मोडकंतोडकं पण समजेल असं मराठी बोलणारा.

"कूलर आजींना दिलास?"

"दिला, साहेब."

"मग गेला कुठं? विकलास?"

"नाही."

"कुठं आहे ते माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग सांग की!"

"नाही सांगणार, साहेब. आजीला शब्द दिला."

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, धा मिनिटं माझ्या हवाली करा. कूलर आणतो, वर पाणी भरून चालू करून देतो."

मी नको म्हटलं. नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस 'माहीत नाही' या शब्दांमागं लपतो. 'माहीत आहे, पण सांगणार नाही' असं म्हणून तो स्वतःहून अंगावर ओढवून घेत नाही. हवालदारांनाही संध्याकाळपर्यंत तसंच वाटू लागलं. "साहेब, ह्यो मानूस चोर न्हाय. येडा हाय."

त्याला अटक केली नाही, पण रोज ठाण्यात हजेरी लावली. या लोकांना वसाहतीबाहेर राहायला परवानगी लागते. गुन्हा दाखल झाल्यावर त्याची परवानगी अडकली. गाळा बंद झाला. वर्षाची कमाई त्या थंडीच्या दिवसांवर, आणि माल गठ्ठ्यात बांधलेला. तरी तो रोज बाकावर येऊन बसायचा आणि तेच उत्तर द्यायचा.

शेवटी मी हवालदारांना घेऊन वसाहतीत गेलो. आजींची खोली पाहिली. एक खाट, एक चूल, देवाचा कोनाडा. शेजारी गोम्पा, म्हणजे त्यांचं मंदिर, आणि त्याला लागून आजारी म्हाताऱ्यांची एक मोठी खोली. त्या खोलीत खिडकीशी कूलर होता. वर अर्पणाचं स्वच्छ पांढरं रेशमी वस्त्र बांधलेलं. मागचा नंबर बिलाशी जुळला.

तिथल्या वयस्क लामांनी हिंदीत सांगितलं. आजी स्वेटरवाल्याला नेहमी विचारायच्या, माझी पुण्याची मुलगी कशी आहे? एकदा त्यानं सांगितलं, तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. आपल्या माणसाच्या जिवावर बेतलं, की आपल्याजवळची सगळ्यात लागणारी वस्तू देऊन टाकायची आणि ते पुण्य त्याच्या नावे करायचं, ही त्यांची रीत. उन्हाळा तोंडावर आला होता. आजींना सगळ्यात लागणारा होता तो कूलर.

"मग हे त्या मुलीला सांगायचं नाही?"

"अम्मांनीच बजावलं होतं. तिला कळलं तर ती दुसरा पाठवेल. मग आपण दिलं काय?"

परतीच्या गाडीत हवालदार म्हणाले, "साहेब, ह्याचा पंचनामा कसा लिहायचा?"

लिहिला. गैरसमजातून तक्रार, म्हणून 'सी समरी', म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, कोर्टाला पाठवला. तो मंजूर व्हायला वेळ लागला आणि तोवर थंडी सरली. स्वेटरवाला गठ्ठे घेऊन परत गेला, पुन्हा पुण्याला आला नाही. मुलीला सगळं सांगितलं, तेव्हा ती माझ्या टेबलासमोर डोकं धरून बसली. वडील बरे झाले होते. तेच तिला घ्यायला आले.

उन्हाळा लागताना ती पुन्हा ठाण्यात आली. स्वेटरवाला आता पैसे पोचवत नव्हता, म्हणून तिनं मनिऑर्डर केली होती. आजींनी ती न घेता परत पाठवली होती. तिनं लामांना फोन केला, त्यांनी आजींचा निरोप दिला. मुलीवर राग नाही, तिच्यासाठी रोज प्रार्थना करते. पण माझ्या घेण्यापायी एक माणूस पोलिसांच्या बाकावर बसला. आता काही घेणार नाही.

"साहेब, तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतील."

दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. आजींनी ती वापरावी, नाही तर वाटून टाकावी. तरी एवढं साधं त्या फोल्डरपुढं कोणाला सुचलं नाही. तिला नाही, मलाही नाही. तिची माया खोटी नव्हती, माझा तपासही चुकीचा नव्हता. नियमानं वागून, कोणाचं वाईट न चिंतता, आम्ही एका म्हातारीचा आधार तोडला होता. तेव्हापासून कोणी मदतीचा जाब विचारायला आलं, की मी आधी विचारत असे, तुम्ही ती दिलीत, की अजून तुमचीच आहे?

त्या दिवशी मात्र मी खरं तेच सांगितलं. "मदत नाकारणं हा गुन्हा नाही. मी काही करू शकत नाही."

"मग या मे महिन्यात त्या काय करतील?"

आमचे हवालदार उठले, तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बाहेर निघून गेले.